हिचं बाळ कुठे आहे? : मलाय भुतांची मायाळू पात्रं कशी करायची

मी पहिल्यांदा पोन्तियानाक, म्हणजे मलाय हडळ, काढली तेव्हा तिला गुलाबी गाल दिले, केसांत फूल खोवलं आणि ओठांवर हसू ठेवलं. क्वालालंपूरला आमच्या शेजारी एक मकचिक राहायच्या. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला इथे मकचिक म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. चित्र त्यांना दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं आणि एवढंच विचारलं, हिचं बाळ कुठे आहे?

मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या आणि मलाय भुतांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. मकचिकच्या त्या प्रश्नापासून मी जे शिकत गेले, ते कामाच्या क्रमाने सांगते.

एकच भूत निवडा

मलायमध्ये भुताला हांतू म्हणतात. मलाय लोक फक्त मलेशियात नाहीत. सिंगापूर, ब्रुनेई, थायलंडचा दक्षिण भाग, सुमात्रा आणि कालीमांतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) यांचा किनारा एवढ्या पट्ट्यात या गोष्टी पसरल्या आहेत, त्यामुळे एकाच भुताची नावं आणि सवयी गावागणिक बदलतात. मलेशियातली पोन्तियानाक इंडोनेशियात कुंतीलानाक होते, तोयोलचा तुयुल होतो. सुरुवातीलाच दहा भुतं एका गोष्टीत कोंबलीत तर एकाशीही नीट ओळख होणार नाही.

अगदी नवखे असाल तर हांतू गालाह घ्या. गालाह म्हणजे लांब काठी. बांबूच्या बेटात उभं राहणारं, बांबूसारखंच उंच आणि सडसडीत भूत. त्याच्यापासून सुटायचं तर एक काटकी उचलायची, मोडायची आणि पुढे चालू लागायचं. ना रक्त, ना शाप. इतकं उंच असूनही जे एवढ्याशा काटकीला मान देतं, त्याचं मायाळू पात्र करायला फार मेहनत लागत नाही.

दुसरी सोपी निवड हांतू कोपेक. मोठ्या छातीची ही बाई तिन्हीसांजेनंतरही बाहेर खेळणाऱ्या मुलांना लपवून ठेवते, असं सांगतात. माग्रीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत मुलांनी घरी यावं म्हणून आया तिचं नाव घेतात. पण नीट बघा, ती मुलांना लपवते. कशापासून लपवते, एवढं तुम्ही ठरवलंत की गोष्ट उभी राहिली. मी तिला मोठ्या मांडीची, सैल सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, नेसलेली आजी केली. वाट चुकलेलं मूल उजाडेपर्यंत ती सारोंगच्या घोळात निजवून ठेवते.

जुनं रूप आणि आजचं रूप, दोन्ही शोधा

सर्वात जास्त वेळ या पायरीला द्या. नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

पोन्तियानाकचं आजचं चित्र सगळ्यांना माहीत आहे: पांढरा झगा, मोकळे लांब केस, केळीच्या झाडात वस्ती. गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेलेली बाई. हे रूप पक्कं होण्यात चित्रपटांचा मोठा वाटा आहे. भारतातून तिकडे गेलेले दिग्दर्शक बी. एन. राव यांनी 1957 मध्ये सिंगापूरच्या कॅथे-केरिस स्टुडिओसाठी पोन्तियानाकवर चित्रपट केला, मारिया मेनाडो त्यात नायिका होत्या. तो इतका चालला की पुढे पोन्तियानाकचे आणखी चित्रपट निघाले.

आता त्याच्याही आधीच्या काळात चला. वॉल्टर स्कीट नावाचे इंग्रज अधिकारी आजच्या मलेशियातल्या सेलांगोर राज्यात नोकरीला होते. मलाय लोकांच्या समजुती आणि मंत्रविधी त्यांनी नोंदवून ठेवले आणि 1900 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात बाळंतपणात मेलेल्या बाईचं नाव लांगसुइर आहे. पोन्तियानाक आहे ते तिचं मृत जन्मलेलं बाळ!

हे वाचलं तेव्हा मकचिकचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला. जुन्या गोष्टीत दोघं होती, आई आणि बाळ. सांगता सांगता बाळ गोष्टीतून गळून गेलं आणि त्याचं नाव मात्र आईला चिकटून राहिलं, असं मला वाटतं. ही माझी समजूत आहे, पण गोष्ट लिहायला ती पुरते. एकाच रानात आई आणि बाळ आहेत आणि त्यांची भेट होत नाही. तुमचं मायाळू पात्र इथेच बसलेलं आहे, बाहेरून आणायला नको.

जाता जाता आणखी एक बीज देते. कालीमांतानमध्ये विषुववृत्तावर, कापुआस नदीकाठी पोन्तियानाक नावाचं शहरच आहे. सय्यद घराण्यातल्या शरीफ अब्दुर्रहमान यांनी ते 1771 मध्ये वसवलं. नदीच्या संगमावर भुतांचा त्रास होता आणि त्यांनी तोफा डागून ती पळवून लावली, अशी दंतकथा आहे. तोफांना भिऊन पळालेल्या त्या पोन्तियानाक त्या रात्री कुठे गेल्या असतील? त्यांना दार कुणी उघडलं असेल? मुलांना हे विचारून बघा, पाच मिनिटांत दहा गोष्टी हाती येतील.

वहीत तीन रकाने आखा

रकान्यांची नावं मी अशी ठेवते: खूण, दुखणं, पथ्य. खूण म्हणजे भूत कशावरून ओळखायचं ते. दुखणं म्हणजे ते भूत का झालं. पथ्य म्हणजे त्याच्याशी वागायचा नियम, ज्याने ते शांत होतं किंवा निघून जातं. लांगसुइर घेऊन करून दाखवते.

खुणा: हिरवं वस्त्र, खूप लांब नखं (त्या काळी ती सौंदर्याची खूण होती), घोट्यापर्यंत पोचणारे काळेभोर केस. केसांआड मानेमागे एक भोक, ज्यातून ती मुलांचं रक्त पिते असं सांगत. आणि माशांची विलक्षण आवड. नदीच्या मुखाशी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांवर लांगसुइरांचा घोळका बसलेला असतो, मासे पळवायची संधी बघत.

दुखणं: ती फार देखणी होती. बाळ मेलेलंच जन्मलं हे कानावर पडताच तिने टाळी वाजवली आणि किंचाळत उडून झाडावर जाऊन बसली. ती टाळी मला विसरता येत नाही. इतकं मोठं दुःख आणि हाताला सुचली ती टाळी.

पथ्य: तिला पकडून नखं आणि केस कापले आणि ते मानेच्या भोकात भरले की ती बाईमाणसासारखी होते. मग ती वर्षानुवर्षं नांदते, लग्न करते, मुलंबाळं होतात. गावच्या उत्सवात तिला नाचू मात्र द्यायचं नाही. नाचली की मूळ रूप परत येतं आणि ती रानात उडून जाते.

रकाने भरले की भयाच्या खुणांत एखादी निरुपद्रवी खूण सापडते का बघा. इथे ती आहे मासे. लहान मुलांच्या गोष्टीत रक्ताचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. रक्त पुसून तिथे सरबत ठेवू नका, ते खोटं वाटतं. गोष्टीतच असलेली दुसरी भूक पुढे आणा. माझ्या गोष्टीत कोळ्याची मुलगी रोज एक मासा खांबावर ठेवून जाते, बस.

खूण ठेवा, तिचा अर्थ फिरवा

मायाळू करायचं म्हणून खुणा काढून टाकल्या की उरतं ते कुठल्याही देशातलं गोंडस भूत. माझ्या पहिल्या चित्राचं तेच झालं होतं. खूण जशीच्या तशी ठेवायची आणि ती कशासाठी आहे एवढंच बदलायचं.

पोन्तियानाकच्या रडण्याबद्दल एक समज आहे: आवाज मोठा असेल तर ती लांब आहे, बारीक असेल तर अगदी जवळ. भीतीच्या गोष्टीत यावर अंगावर काटा येतो. मायाळू गोष्टीत तोच नियम ठेवून म्हणा की ती माणसाजवळ आली की आवाज खाली आणते, कारण घरात बाळ झोपलेलं असतं.

वासाचंही तसंच. ती येते तेव्हा चाफ्याचा वास येतो. हा केम्बोजा, म्हणजे आपला पांढरा देवचाफा. आपल्या नाकाला त्यात पूजेचं तबक आठवतं. मलाय गावांत मात्र हे झाड कबरस्तानात लावतात, त्यामुळे तिथल्या माणसाला तो वास आला की कबर आठवते. मराठी वाचकासाठी लिहिताना हे एका वाक्यात सांगावं लागतं, नाहीतर वास येऊनही पात्र का दचकलं ते कळत नाही.

मानेतला खिळा हा मात्र नाजूक मामला आहे. पोन्तियानाकच्या मानेमागे खिळा ठोकला की ती सुंदर, गुणी बायको होते, उपटला की पुन्हा भूत. कित्येक जण हा खिळा म्हणजेच तिचं चांगलं होणं समजतात आणि तिथे गोष्ट संपवतात. मला ते मान्य नाही. खिळ्याने आलेला चांगुलपणा तिचा नाही, ठोकणाऱ्याचा हट्ट आहे. तिला मायाळू दाखवायचं असेल तर खिळा निघाल्यावर दाखवा. लांगसुइरच्या नाचाचंही हेच. गावाने तिला नाचापासून अडवायचं कशाला? नाचू दे, उडू दे, आणि मासे वाळत घालायच्या दिवसांत ती आपणहून परत येते असं लिहा.

तोयोल: पाठवणाऱ्याला विसरू नका

तोयोल मुलांना सर्वात आवडतो, कारण तो त्यांच्याएवढाच किंवा त्याहून लहान. टक्कल, टोकदार कान, मोठे डोळे. मेलेल्या अर्भकापासून बोमोह, म्हणजे मांत्रिक, त्याला बनवतो आणि मालक त्याला दुसऱ्यांच्या घरी पैसे चोरायला पाठवतो. मोबदला म्हणून मालकाने त्याला आपल्या बोटाचं थोडं रक्त द्यायचं.

त्याला अडवायचे उपाय ऐका: पैशांजवळ गोट्या ठेवायच्या, किंवा जमिनीवर हिरवे मूग पसरायचे. तोयोल चोरी विसरून खेळत बसतो, दाणे मोजत बसतो. लोक भुताला पळवायचा उपाय म्हणून हे सांगत आले, आणि त्यात एका पोराचं सगळं वर्णन येऊन गेलं. त्याला पैसे नकोच आहेत.

म्हणून लिहायला बसताना पहिला प्रश्न: याला कोणी पाठवलं? त्या मालकाला गोष्टीत आणा. तो नसेल तर चोरीचा दोष लेकरावर राहतो. दुसरा प्रश्न: खेळून झाल्यावर तो कुठे जाणार? मालकाकडे रिकाम्या हाताने गेला तर काय होईल? माझ्या गोष्टीत एक मुलगा रोज रात्री मुठीतले मूग एकेक करून टाकतो, दोघं मिळून मोजतात, आणि मोजणी पहाटेपर्यंत मुद्दाम संपू देत नाहीत. मुलांना ही युक्ती फार आवडते. झोप लांबवायची ही तऱ्हा त्यांच्या ओळखीची असते.

पोलोंग आणि पेलेसित या मालकाने पाळलेल्या भुतांनाही हाच प्रश्न लागू होतो. पोलोंग तर बाटलीत ठेवतात. तिथे चांगुलपणा म्हणजे बाटलीचं बूच काढणं.

पनांगालान: अवघड, पण सोडू नका

रात्री जिचं डोकं धडापासून सुटतं आणि आतडी लोंबकळत उडतं ती पनांगालान. तांगाल म्हणजे सुटणं, निखळणं. बाळंतिणीच्या वासाने ती येते म्हणून खांबांवर उभ्या घराखाली मेंगकुआंगची काटेरी पानं ठेवत. हे झाड केवड्याच्या जातकुळीचं. आतडी काट्यात अडकतील या भीतीने ती लांब राहते. परत आल्यावर फुगलेली आतडी व्हिनेगरच्या पिंपात बुडवून आक्रसून घेते आणि मग धडात शिरते.

एवढं वाचून बहुतेक जण वही मिटतात. पण स्कीट यांनी नोंदवलेली तिची जन्मकथा बघा. निपाह ताडाचं व्हिनेगर ठेवायच्या मोठ्या लाकडी पिंपात एक बाई तपाला बसली होती. मलाय शब्दच आहे बर्तापा, आपल्या ‘तप’वरून गेलेला. (स्वर्ग आणि नरकही शुर्गा, नराका होऊन त्या भाषेत नांदतात.) एक पुरुष आत आला, इथे काय करतेस म्हणून दरडावून विचारू लागला. ती म्हणाली, तुला काय करायचंय? पण ती इतकी दचकली होती की पळायच्या घाईत तिचाच पाय हनुवटीला बसला, मान सुटली आणि डोकं उडून झाडावर गेलं.

तप मोडलेली बाई. दुखण्याच्या रकान्यात एवढं लिहिलं की ती वेगळी दिसायला लागते. तिला स्वच्छता, शांतता आणि दार लावलेली एक जागा हवी आहे. माझा सल्ला, दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आतडी चित्रात सूर्यास्ताच्या ढगांसारखी लांब रंगीत फितींत काढा, पण काढा. आणि व्हिनेगरचा आंबट वास प्रत्येक प्रसंगात येऊ द्या. माझ्याकडे ती रात्रीची सुईण आहे: ज्या घराखाली काटे नसतात, त्या घरच्या बाळंतिणीची राखण करते. काही कथांत पनांगालान दिवसा सुईणच असते, त्यामुळे हे नवं नातं परकं वाटत नाही.

हाक कशी मारायची

मलाय माणूस रानात शिरताना अदृश्यांची परवानगी मागतो: “तोक, चुचु तुम्पांग लालू.” आजोबा, नातवंडाला जरा जाऊ द्या. वाघालाही तोक बेलांग, म्हणजे पट्टेवाले आजोबा, म्हणायची रीत होती. या लोकांनी रानातल्या भयाला आधीपासून आजोबा करून ठेवलंय, तेव्हा तुमच्या पात्रांनी भुताला ‘ए भुता’ म्हणून हाक मारू नये. उंच हांतू गालाह तोक, हांतू कोपेक नेनेक म्हणजे आजी, तरुण पोन्तियानाक काक म्हणजे ताई, तोयोल आदिक म्हणजे धाकटं भावंड. मराठीत लिहिताना मी हे शब्द तसेच ठेवते आणि पहिल्यांदा येतात तिथे अर्थ वाक्यातच मिसळते.

मराठी वाचकाला लगेच आपली अळवंतीण आठवेल, तीही बाळंतपणात गेलेली. आठवू द्या. पण हिरवं लुगडं नेसवून पोन्तियानाकला कोकणात आणू नका. तिचं घर लाकडी खांबांवर उभं असतं, खाली कोंबड्या फिरतात, वर निपाहच्या झावळ्यांचं छप्पर. अंगात बाजू कुरुंग किंवा कबाया, हे मलाय बायकांचे पारंपरिक पोशाख. हे तपशील चुकले की मलाय वाचक पहिल्याच पानावर परका होतो.

जिथे हात जपून ठेवायचा

मलाय समाज मुसलमान आहे. मेलेली माणसं भूत होऊन परततात हे त्यांच्यातल्या अनेकांना मान्य नाही, दिसतात ते जिन, म्हणजे इस्लामी समजुतीतले अदृश्य जीव, असं ते मानतात. मलाक्काचे लेखक मुन्शी अब्दुल्ला यांनी एकोणिसाव्या शतकात आत्मचरित्र लिहिलं, त्यातही भुतांच्या या समजुतींना त्यांनी खोटं ठरवलं आहे. म्हणून गोष्ट गोष्टीच्या सुरात सांगा, खरी घटना म्हणून सांगू नका. कुराणाची आयत चित्रात किंवा संवादात वापरू नका. मुलांची पुस्तकं जमिनीवर पडतात, फाटतात, आणि आयत असलेला कागद असा पडणं घरच्यांना फार लागतं.

पोचोंग, म्हणजे कफनात बांधलेलं, उड्या मारत येणारं भूत, पहिल्या वर्षात घेऊ नका. दफन करताना गाठ सोडायची राहिली म्हणून तो येतो, गाठ सोडा म्हणतो. किती साधी मागणी! पण कफन हा धर्मविधीचा भाग आहे. त्या घरांत थोडं वावरल्यावर, कुणाच्या जनाज्याला जाऊन आल्यावरच त्याला हात लावावा असं मला वाटतं.

आणि बाळ गेलेल्या आया तुमच्या वाचकांत असतीलच. पोन्तियानाक, लांगसुइर, तोयोल, तिघांच्या मुळाशी बाळंतपणातला मृत्यू आहे. शेवटी बाळ जिवंत होतं असं लिहून ते दुःख उडवून लावू नका. आईबाळाची भेट घडवा, पण ती भुतांच्याच जगात घडवा.

आधी कुणाला तरी वाचून दाखवा

मसुदा झाला की मलाय घरात वाढलेल्या निदान एका माणसाला ऐकवा. त्यांच्या आजीने सांगितलेलं भूत तुमच्या भुताहून वेगळं निघेलच. वाद घालू नका, ते वहीच्या रकान्यांत लिहून घ्या. मलेशियाच्या उत्तरेकडच्या केडाहची गोष्ट दक्षिणेकडच्या जोहोरच्या माणसाला वेगळी वाटणं साहजिक आहे.

मग मुलांना वाचून दाखवा, अंधार पडल्यावर, एकच दिवा ठेवून. पोन्तियानाक लांब असेल तेव्हा मोठ्याने वाचा. ती अंगणात आली की आवाज उतरवा, जिन्यावर आली की आणखी खाली. बाळाजवळ ती वाकते त्या ओळीला इतक्या हळू बोला की ऐकायला मुलांना पुढे सरकावं लागेल.